टेरीपॅराटाइडचं पेन: औषधाला पूर्ण गुण, खोक्यातल्या कागदाला नापास

आधी निकाल सांगते, मग हकिकत. औषध, म्हणजे टेरीपॅराटाइड हे ठिसूळ हाडांसाठी रोज पेनाने टोचायचं इंजेक्शन, अव्वल. पेन बरं, पण म्हाताऱ्या बोटांचा विचार करून बनवलेलं नाही. आणि सोबत येणारा माहितीचा कागद? मुंगीच्या पायांएवढी अक्षरं, आठ घड्या, आणि नेमकं जे हवं ते सापडेल तर शपथ. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, वह्या तपासल्या, त्यामुळे गुण दिल्याशिवाय राहवत नाही.

हे लिहायचं कारण असं की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात आता घरटी एक तरी पाठ धरून बसलेली बाई आहे, आणि 'ते हाडांचं रोजचं इंजेक्शन घेऊ का?' हा प्रश्न मला देवळात, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला, सगळीकडे येतो. प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

माझं वय एकाहत्तर. गादी उलटी करताना पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि मी तिथेच खाली बसले. एक्स-रेत बाराव्या मणक्याची पुढची बाजू दबून पाचरीसारखी झालेली. मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे 3.4. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होणं, म्हणतात, म्हणजे मी त्या रेषेच्या बरीच खाली. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी न देता थेट हे पेन लिहून दिलं. मी विचारलं, गोळीत काय वाईट? ते म्हणाले, "काकू, गोळी झीज थांबवते. तुम्हाला आता बांधकाम हवंय."

हे वाक्य समजून घेण्यासारखं आहे. हाड म्हणजे एकदा घातलं आणि झालं असा प्रकार नाही. शरीर ते सतत पोखरतं आणि सतत भरतं. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर पोखरणाऱ्यांचा जोर वाढतो. बहुतेक औषधं त्यांना आवरतात. टेरीपॅराटाइड भरणाऱ्यांना कामाला लावतं. अमेरिकेत 2002 साली त्याला मंजुरी मिळाली, आणि हाड नव्याने बांधणारं असं तिथलं ते पहिलं औषध.

आता ते आहे काय? आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या अशा चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यांचं संप्रेरक म्हणजे 84 अमिनो आम्लांची साखळी. टेरीपॅराटाइड म्हणजे त्या साखळीतली पहिली 34. बाकीची पन्नास चक्क वगळलेली. सुरुवातीचा हा तुकडाच हाडाच्या पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतो आणि तिला काम सांगतो. त्यातही गंमत अशी की याच तुकड्याची पहिली सहा अमिनो आम्लं काढून टाकली, तर उरलेला भाग ग्राहीवर बसतो खरा, पण काम सांगत नाही, नुसती जागा अडवतो. म्हणजे टोकाची ती सहा आम्लं गेली तर औषधाचं विरोधक औषध होतं. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आमचे हे म्हणाले, तू पाठीसाठी इंजेक्शन घेतेस की परीक्षेसाठी?

साखळी हवी तिथे तोडून, तुकडे करून, कुठला तुकडा काय करतो हे बघायची सोय रसायनशास्त्राला मिळाली ती रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांच्यामुळे. 1963 साली त्यांनी अमिनो आम्लं एका घन मण्यावर एकेक करून जोडत जायची पद्धत मांडली. आधी एकेका जोडणीनंतर शुद्धीकरण करत बसावं लागे. यांच्या पद्धतीत साखळी मण्यालाच धरून राहते, नको ते धुऊन टाकायचं आणि पुढचं आम्ल जोडायचं. 1984 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दलच. पॅराथायरॉइडचा पहिल्या 34 आम्लांचा तुकडा 1971 साली जॉन पॉट्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत जोडून दाखवला, आणि तेवढा तुकडा पुरतो हे कळलं. तिथून बाजारात यायला तीस वर्षं लागली. मूळ औषध बनवताना मात्र मणी वापरत नाहीत. ई. कोलाय या जीवाणूत तेवढ्या तुकड्याचं जनुक घालून त्याच्याकडूनच ते करवून घेतात. आपल्याकडच्या कंपन्याही आता हे औषध बनवतात, म्हणून तर ते आपल्या पेन्शनच्या टप्प्यात आलं. टप्प्यात म्हणजे हात लांब करून, टाचा उंचावून.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. हेच संप्रेरक शरीरात कायम वाढलेलं राहिलं तर हाडं पोखरतात. पॅराथायरॉइडच्या गाठीच्या रोग्यांची हाडं त्यामुळेच विरळ होतात. मग जे हाड खातं तेच टोचून हाड कसं वाढेल? उत्तर वेळेत आहे. दाराची बेल एकदा वाजवून निघून गेलात तर घरातला माणूस उठून कामाला लागतो, बोट दाबून धरलंत तर भांडायलाच बाहेर येतो. टोचल्यावर साधारण अर्ध्या तासात रक्तात औषधाचं प्रमाण सर्वांत वर जातं आणि काही तासांत ते जवळजवळ नाहीसं होतं. रोज एक छोटा झटका, मग दिवसभर शांतता. थांबून थांबून दिलं तर हाड वाढतं हे हान्स सेल्ये यांनी 1932 मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. सत्तर वर्षं ती गोष्ट कागदावर होती. म्हणून 'आज विसरले, उद्या दोन घेते' हे इथे चालत नाही. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण एका दिवसात दोन नाही.

पोटातून का नाही, हेही सगळ्याजणी विचारतात. पेप्टाइड, म्हणजे अशी अमिनो आम्लांची छोटी साखळी, गिळलं की जठरातली विकरं त्याला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतात. अमिनो आम्लं सुटी होतात, निरोप पोचत नाही. इन्सुलिन त्याच कारणाने टोचतात.

इन्सुलिनवरून आठवलं. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, त्यांचं पेनही त्याच फ्रिजमध्ये. दोन्ही पेनं करड्या रंगाची, दोन्हींवर इंग्रजी बारीक अक्षरं. कंपन्यांनी रंगांवर चार पैसे जास्त खर्च केले असते तर काय बिघडलं असतं! आमच्या सूनबाईने पहिल्याच दिवशी माझ्या पेनला मोठी लाल टिकली चिकटवली आणि ह्यांच्याला रबरबँड. घरात दोन पेनं असतील तर हे आधी करा. ही माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा.

आता पेन कसं वापरायचं ते. डोस ठरलेला आहे, 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे द्रव जेमतेम 0.08 मिलिलिटर. पाण्याच्या दोन थेंबांहूनही कमी. त्यामुळे डोस निवडायची भानगड नाही, ही या पेनाची चांगली बाजू. टोपण काढायचं, सुई फिरवून बसवायची, मागचा खटका पूर्ण ओढायचा. मांडीवर किंवा पोटावर जागा धरायची, सुई आत, खटका दाबायचा आणि सावकाश पाचपर्यंत मोजायचं. मी 'गणपती, गणपती' असं पाच वेळा म्हणते, मग घाई होत नाही. लगेच सुई काढली तर टोकावर थेंब दिसतो, तो तुमच्या डोसातलाच. सुई पेनाला लावून ठेवायची नाही, द्रव झिरपतो आणि हवेचे बुडबुडे शिरतात. बारीकसा बुडबुडा दिसला तर घाबरू नका, त्याने काही होत नाही.

खटका ओढायला मात्र जोर लागतो. माझ्या अंगठ्याला संधिवात आहे, थंडीत सकाळी तो खटका म्हणजे शिक्षा. मी वेळ बदलून रात्रीची केली. त्यात दुसराही फायदा. सुरुवातीच्या डोसांनंतर उभं राहिलं की डोकं गरगरायचं. हे होतं, कारण औषधाने रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. पलंगावर बसून टोचायचं आणि आडवं व्हायचं. मला मळमळ फारशी नाही झाली, पण पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं, बरोबर निघालं. पुढे गोळे आपोआप कमी झाले.

सुया वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, पेनाच्या खोक्यात त्या येत नाहीत. हे दुकानदाराने आपणहून सांगायला हवं, पण सांगतातच असं नाही. मी 31 गेजची सर्वांत आखूड घेते, टोचल्याचं कळतही नाही. वापरलेल्या सुया तेलाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवते. कचरा नेणाऱ्या बाईच्या हातात नुसत्या पिशवीतून सुई देणं मला पटत नाही.

पेनात 28 डोस. उघडल्यापासून 28 दिवसांनी ते टाकायचं, आत थोडं दिसत असलं तरी. 'अजून थेंबभर आहे' म्हणून जपून वापरणाऱ्या माझ्यासारख्या पिढीला हे जड जातं. मी पेनावर उघडल्याची तारीख स्केचपेनने लिहिते.

थंडाव्याची गोष्ट सविस्तर लिहिते, कारण बडोद्याचा उन्हाळा. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. गोठवायचं नाही, गोठलं की बाद. म्हणजे बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. वापरून झालं की लगेच परत फ्रिजमध्ये. मेमध्ये आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता हाच खरा प्रश्न. मी रावपुऱ्यातल्या एका जुन्या मेडिकलमधून घेते. गल्ल्यावरचा भाई पेन फ्रिजमधून माझ्यासमोर काढतो, बॅच आणि एक्सपायरी बिलावर लिहितो, थर्माकोलच्या डबीत बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवतो, मध्ये कागदाची घडी घालतो म्हणजे पेन बर्फाला चिकटू नये. आणि दर वेळी न चुकता म्हणतो, "काकी, सीधां घेर जजो, रस्तामां शाक लेवा ऊभां न रहेतां." मला भाजी घ्यायचीच असते हे त्याला ठाऊक आहे. या दुकानाला मी दहापैकी साडेनऊ देते. अर्धा गुण कापला कारण सुट्टे पैसे कधीच नसतात, गोळ्या-चॉकलेटं हातावर ठेवतो.

भाव कमी म्हणून मुलाने एकदा घरपोच मागवलं होतं. कुठून ते लिहीत नाही. भर दुपारी पुठ्ठ्याचं खोकं आलं, आत जेलचं पाकीट पाण्यासारखं पातळ आणि कोमट. पेन हाताला गरम लागत होतं. मी घेतलं नाही. फोनवर एक मुलगी गोड आवाजात 'मॅम, प्रॉडक्ट सील्ड आहे' एवढंच म्हणत राहिली. अगं बाई, सील्ड आहे, पण शिजलंय! पैसे परत मिळायला पुष्कळ पत्रव्यवहार करावा लागला. उन्हाने बिघडलेलं पेप्टाइड दिसायला बऱ्याचदा तसंच स्वच्छ दिसतं, रंग बदलेलच असं नाही. तुम्ही महिनाभर पाणी टोचत बसाल आणि कळणारही नाही. हजारो रुपयांचं औषध आहे, चार दुकानांत चार भाव मिळतील. भाव जरूर करा, पण फ्रिज बघून करा.

प्रवासाला इन्सुलिनसाठी मिळते तशी थंड राहणारी पिशवी पुरते. पुण्याला लेकीकडे जाताना गाडीत तीच वापरते.

आता पेप्टाइड म्हणून दुसरंच काय काय विकलं जातं त्याबद्दल. भाचीने मुंबईहून कोलाजेन पेप्टाइडचा डबा पाठवला होता, 'मावशी, हाडांना छान'. डब्यावर सोनेरी अक्षरं, धावणारी बाई. मागे भिंगातून वाचलं तर लहान अक्षरांत माशांचं कोलाजेन. आमच्या घरी अंडंही येत नाही! तो मुद्दा सोडा. कोलाजेन हे प्रथिन विकरांनी तोडून त्याचे बारीक तुकडे केलेले असतात. ते पोटात गेले की बहुतेक आणखी तुटतात, काही दोन-तीन आम्लांचे तुकडे रक्तात सापडतात हे खरं. पण माझा दबलेला मणका बघून कुठलाही शहाणा डॉक्टर टेरीपॅराटाइडऐवजी हा डबा लिहून देणार नाही. दोन्हींवर 'पेप्टाइड' छापलंय म्हणून दोन्ही एक होत नाहीत. चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची. शेजारच्या जिमवाल्या मुलाला दिला, तो खूश आहे.

त्याच मुलाने मोबाइलवर मला बीपीसी-157 नावाचं काही दाखवलं. पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा, 'सांधे, स्नायू, सगळं भरून निघतं' असा बोलबाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची त्याला मंजुरी नाही, आणि खेळाडूंसाठी तर 2022 पासून बंदीच्या यादीत आहे. मी त्याला म्हटलं, बाळा, माझ्या तुकड्याची परीक्षा झालेली आहे, तुझ्याची व्हायची आहे. तोवर टोचू नकोस.

माझ्या तुकड्याची परीक्षा कशी झाली? 2001 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती छापून आली. पाळी गेलेल्या, आधीच मणका मोडलेल्या 1637 बायका. ज्यांना नुसतं खोटं इंजेक्शन मिळालं त्यांच्यातल्या 14 टक्क्यांचा नवा मणका दबला. 20 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत तेच प्रमाण 5 टक्के. कण्याची घनता खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा 9 टक्क्यांनी जास्त वाढली, मांडीच्या हाडाच्या मानेशी 3 टक्क्यांनी. माझंही तसंच झालं. कण्याचा आकडा चांगला वर सरकला, खुब्याचा जेमतेम. खुब्यासाठीच घेणार असाल तर फार मोठी आशा ठेवून जाऊ नका. दबलेला मणका अर्थातच परत ताठ होत नाही. माझी उंची गेली ती गेली, सूनबाईच्या खांद्याला लागत होते ती आता तिच्या मंगळसूत्राला लागते. पण पाठीचं दुखणं उतरलं, आणि या नवरात्रात मी खुर्चीवरून उठून आरतीला उभी राहिले.

'कॅन्सर होतो म्हणे' हा दुसरा प्रश्न. उंदरांना आयुष्यभर मोठे डोस टोचले तेव्हा त्यांच्यात हाडाचा कॅन्सर दिसला. त्या बातमीने माणसांवरची ती चाचणीही मुदतीआधी थांबवली होती. पण उंदराचं हाड आयुष्यभर वाढत राहतं, आपलं तसं नाही. पुढे इतकी वर्षं वापरूनही माणसांत तसा वाढीव धोका दिसला नाही, आणि 2020 मध्ये अमेरिकेत या औषधावरची ती चौकटीतली इशारावजा सूचना काढून टाकली. तरी ज्यांच्या हाडांना पूर्वी किरणोपचार दिलेत, ज्यांना हाडाचा कॅन्सर झालाय किंवा पेजेट हा हाडांची घडण बिघडवणारा रोग आहे, रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांच्यासाठी हे पेन नाही. मुतखडा झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कमलाताईंनी माझं बघून भावाला फोन करून पेन मागवायला घेतलं होतं, मी त्यांना आधी रक्त तपासायला पाठवलं.

दोन वर्षांच्या वर ते साधारणपणे देत नाहीत. आणि इथे एक गोष्ट कुणीच नीट सांगत नाही, ना कागद, ना दुकान. पेन संपलं की हाड कमवलेलं हळूहळू गमावायला लागतं. त्यामुळे लगेच झीज थांबवणारं औषध सुरू करावं लागतं. म्हणजे ज्या गोळीला डॉक्टर आधी नको म्हणाले, तिच्याच घराण्यातलं काहीतरी मग आवश्यक होतं. माझं शेवटचं पेन संपताच त्यांनी वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाइन लिहून दिलं. आधी मूत्रपिंडाची तपासणी, ड जीवनसत्त्व पुरेसं आहे का ते बघितलं, मग दिलं. रात्री ताप आला, अंग मोडून आलं. असं होईल हे आधीच सांगितलं होतं, पॅरासिटामॉल तयार ठेवली होती. सूनबाईने मऊ भात केला. पेनाचे पैसे संपताना पुढच्या सलाइनचेही बाजूला काढून ठेवा, नाहीतर दोन वर्षांचा खर्च आणि पाच-पाच वेळा म्हटलेला गणपती, दोन्ही वाया.